दोनशे अठराची ओळ

चप्पल बाहेर काढा, बाई — हो, तिथंच, पायपुसन्याजवळ — इथं साहेब भी मोजे घालून येते अन आमचे दत्तोपंत तर दारातूनच हात जोडते. धूळ चालत नाई हिले. मशीनले म्हनतो मी. मले चालते, मी पारशिवनीकडचा आहे, धुळीतच वाढलो. बसा जी. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय गेला आहे, ह्या स्टुलावर बसा. थंड वाटून राहिलं ना? बाहेर सेहेचाळीस अन इथं बावीस. मे महिन्यात अख्ख्या ऑफिसले ह्याच खोलीत काम निघते — बिलं करनारे येते, टपालवाले येते, ‘काय गोंडाणे, मशीन कशी आहे’ म्हनते अन पाऊन तास मशीनची तब्येत विचारत बसते. एकदा जूनचं पानी पडलं की कोनी वळख दाखवत नाई. मले स्वेटर घालून बसा लागते. माही बायको म्हनते, नागपुरात मे महिन्यात स्वेटर धुनारी मी एकटीच असन.

नाई नाई, कागद राहू द्या तुमच्याजवळ. दाखवू नका. मले माहीत आहे त्या कागदात काय आहे. आज तीस मे, उद्या बदलीचे अर्ज बंद होते, अन दारात तुमी नाव सांगितलं तेवढं पुरे झालं — उत्तराबाई, प्रताप नगरच्या. मागच्या जूनमधी तुमाले द्यायची होती नाक्यावरची शाळा, सिटी बस दारात थांबते ते, घरून लुनावर पंधरा मिनिटं — अन ऑर्डर निघाली आवळेपारची. पारशिवनी तालुका, बसपासून नऊ किलोमीटर, मधात एक नाला. बरोबर? मंग. तुमी सांगूच नका, मी सांगतो. तुमाले वाटते कंप्युटर चुकला. सगळ्याइले तेच वाटते. मी भी वर्षभर तेच सांगून राहिलो — जो आला त्याले. आता तुमी स्वतः येऊन बसल्या तर तुमाले नीट समजवून सांगा लागन, नाई का. घाई आहे का तुमाले? पारशिवनीची बस चारची आहे, लय वेळ आहे.

हे पाहा. पडद्यावर पाहा, हात नका लावू. डावीकडं नंबर, उजवीकडं शाळेचं नाव, एकपासून चारशे बारापर्यंत. बस, एवढाच तक्ता. मशीनले गाव समजत नाई — आवळेपार म्हना की अमेरिका म्हना, तिले सारखंच. साहेब यादी करते, त्यात फक्त नंबर — अमक्या बाई, नंबर अमुक. मी तो नंबर मारतो. मशीन डाव्या रांगेत नंबर शोधत खाली खाली जाते, सापडला की आडवी सरकते, उजवीकडचं नाव उचलते अन ऑर्डरवर छापून टाकते. हेच काम पयले चार बाबू पंधरा दिवस करत — चहाचे डाग पडलेल्या रजिस्टरातून, आंगठ्याले थुंका लावून लावून. आता दुपारच्या डब्याच्या आत आठशे ऑर्डरी. प्रिंटर करकर करते, अन दत्तोपंत — आमचे बडे बाबू, दोन वर्षं राहिली त्यांची — कागद निघताना असे टक लावून पाहत राहते जशी गोठ्यात म्हैस विऊन राहिली. दसऱ्याले त्यांनीच हिच्यापुढं नारळ फोडला. कुंकू लावलं, ते बटनाइमधी गेलं, सात नंबरचं बटन तीन दिवस चिकटून होतं. मी काई पूजापाठवाला नाई — छप्पनसाली माय मले कडेवर घेऊन दीक्षेले आलती, दोन वर्षांचा होतो मी — पन खोबरं खाल्लं. खोबऱ्याचा काय दोष.

तर हिची एक खोड आहे. नंबर सापडला तर ठीक. नाई सापडला तर? मानूस असता तर त्यानं विचारलं असतं की बापा, हा नंबर तर इथं नाई, काय करू? हे विचारत नाई. लाज वाटत असन हिले. हे काय करते — त्या नंबरच्या जागेपाशी जाते, पाहते की जागा रिकामी आहे, अन गुपचूप वरची ओळ धरते. त्याहून लहान जो नंबर असन तो. अन त्याचं नाव छापून देते, मोठ्या रुबाबात. शंका नाई, काई नाई. खाली साहेबाची सही, गोल शिक्का.

मले हे कसं समजलं ते सांगतो. श्रीधर मास्तर म्हनून होते एक — आहे अजून, तब्येत चांगली आहे. दोन वर्षांआधीची गोष्ट, मशीन नवी नवी आलती. त्यांचा नंबर होता तीनशे पाच. माह्या हातून मारला गेला तीन हजार पन्नास. एक शून्य जास्त. आता तीन हजार पन्नास कुठं आहे तक्त्यात? शेवटचा नंबर चारशे बारा. मशीननं शोधलं, शोधलं, तक्ता संपला, मंग शेवटची ओळ धरली. अन चारशे बारा म्हंजे काय आहे माहीत आहे? शाळा नाई ते. आमचं तुटक्या बाकाचं गोदाम आहे, जरीपटक्याच्या पल्याड — पेट्रोमॅक्स, मोडके फळे, मांजरी. मास्तरले ऑर्डर गेली: ‘आपली बदली कंडम सामान गोदाम येथे करण्यात येत आहे, तात्काळ रुजू व्हावे.’ अन ते रुजू झाले, बाई. खरं सांगतो. डबा घेऊन, छत्री घेऊन गेले, चौकीदाराकडून चावी घेतली, मस्टर बनवलं अन सही केली. एकवीस दिवस. बावीसव्या दिवशी त्यांचं पत्र आलं — ‘पटसंख्या शून्य आहे, तरी योग्य ते मार्गदर्शन व्हावे.’ मी विचारलं, गुरुजी, तुमाले शंका नाई आली? तर म्हनते, आली ना, पन दत्तोपंताले विचारलं तर ते म्हनले, कंप्युटरनं काढलं म्हंजे काई तरी विचार करूनच काढलं असन.

तुमी हसल्या. बरं वाटलं. मले वाटलं तुमी येता येताच भांडान.

हां, तर त्या दिवशी समजलं की ही न विचारता वरची ओळ धरते. अन खरं सांगू का — मले त्यात नवल वाटलं नाई. मी हिले आधीच भेटलो होतो. आमच्या गावी गुजरीत, आठवडी बाजारात, एक दुकानदार बसे, तो अगदी असाच होता. किलो-ग्राम नवीन आले तेव्हाची गोष्ट, मी आठ-नऊ वर्षांचा असन. लोक शेर-छटाक मांगे अन दुकानदार ग्राम तोले, कोनाले काई समजे नाई. तेव्हा गावात शाळा होती, एक मास्तर होते — त्यांनी पुठ्ठ्यावर तक्ता लिहून भिंतीवर टांगला. डावीकडं जुनं, उजवीकडं नवं. छटाक — अठ्ठावन ग्राम. आदपाव — एकशे सतरा. पावशेर — दोनशे तेहतीस. शेर — नऊशे तेहतीस. आमाले पाठ करायले लावला. आता माही माय तीन छटाक तेल मांगे. तिले तीनच छटाक लागे, आठवड्याचं तिचं गनित तेच होतं. तीन छटाक तक्त्यात नाई. दुकानदार काय करे? वरची ओळ. आदपाव. एकशे सतरा ग्राम तोले अन पैसे तीन छटाकाचे घे. मी मास्तरले विचारलं, गुरुजी, तक्त्यात तीन छटाक काहून नाई? ते म्हनले, जे तक्त्यात नाई ते दोन ओळी जोडून काढा लागते, कवडू. आदपाव अन छटाक — एकशे पंच्याहत्तर. मी जाऊन दुकानात सांगितलं. सगळ्या बायाइसमोर. दुकानदारानं माह्याकडं असं पाहिलं — अन गुपचूप तेल वाढवलं. त्या दिवसापासून गुजरीच्या दिवशी अर्ध्या गावाच्या बाया मले संगं घेऊन जात. मले फुटाने भेटत. कवडू गोंडाणे ह्या मशीनसमोर बसला आहे ना, बाई, तो त्या पुठ्ठ्यामुळं. ते मास्तर आवळेपारले आले नसते तर मी आज कोनाच्या तरी वावरात असतो.

काय? आवळेपार म्हनलं का मी? नाई, मी म्हनलं आमच्या गावी. तिकडंच कुठं तरी. पारशिवनीकडं सगळी गावं सारखीच आहे, हो.

चहा घेता का? इथं आनता येत नाई, सांडला तर माही नोकरी जाईन, पन दारात उभं राहून पिता येते. नाई? बरं. तुमाले आल्याचा लागते ना, साधा चालत नाई. तर मी काय सांगत होतो — मशीनची खोड. तुमची ऑर्डर निघाली तेव्हा तुमचे वडील आलते इथं, अनंतराव. कडक मानूस. धोतर, कोट, हातात छत्री. म्हनले, माझ्या मुलीचा नंबर शहराजवळ लागला होता, हे काय जंगलात टाकलं तिले? दत्तोपंतानं त्याइले ह्या काचेतून मशीन दाखवली अन म्हनले, हे पाहा, मानसानं काढली असती तर चूक झाली असती, हे कंप्युटरनं काढली आहे. कंप्युटरले ना नातं ना गोतं. अनंतराव पाच मिनिटं काचेतून पाहत राहिले. मी इथंच बसलो होतो, पाठमोरा. मंग त्यांनी छत्री काखेत धरली अन मशीनले नमस्कार केला, अन गेले. त्या दिवशी माह्याच्यानं डबा खाल्ला गेला नाई. तसाच घरी नेला. बायकोनं विचारलं, भाजी खराब होती का? म्हनलं, भाजी चांगली होती, मीच खराब आहे.

आता तुमी म्हनान, मशीननं चूक केली तर तुमचं जेवन काहून गेलं नाई. तेच सांगून राहिलो.

पन आधी एक सांगा, तब्येत कशी आहे आता? ऑगस्टमधी ताप भरला होता तुमाले, चार दिवस — रेकॉर्डमधी आहे. रजा टाकली नाई तुमी, पोरं खोलीच्या ओट्यावरच येऊन बसत अन तुमी गोधडीतून पाढे म्हनून घेत होत्या. ते भी आहे रेकॉर्डमधी. अन रुळाच्या तुकड्याची घंटा बोरीच्या झाडाले बांधली, अन नाल्यात घसरल्या तेव्हा छत्री वाहून गेली अन तुमी पोराइच्या वह्याची थैली डोक्यावर धरून उभ्या राहिल्या, छत्रीच्या मागं गेल्या नाई — कोनतं रेकॉर्ड? असते एक रेकॉर्ड. ऑफिसचंच. आवकजावक नाई का. सगळं येते त्यात.

असं पाहू नका माह्याकडं.

बरं. तुमाले भाकर कोन आनून देते संध्याकाळी? जवारीची, संगं अंबाडीची भाजी, कधी नुसता ठेचा. एक बुढी येते ना, बायजाबाई, पाठीत वाकलेली, आली की तासभर उठत नाई? तिचा एक लेक नागपूरले आहे म्हनते, कुठं काय करते ते सांगत नाई. सांगत नाई कारन मी तिले मायची आन घालून ठेवली आहे — म्हंजे तिचीच, तिलेच. ते रेकॉर्ड म्हंजे माही माय आहे, बाई. दर पंधरा दिवसांनी येते नाई तर मी जातो, पन तुमच्या शाळेकडून जात नाई. मागच्या रस्त्यानं जातो, चोरासारखा, माह्याच गावात. तुमची घंटा आयकू येते मले घरात. मी तिथं बसून आयकतो अन माय माह्याकडं पाहते.

आता एवढं निघालं तर बाकीचं कायले ठेवू. मशीननं चूक नाई केली. मशीनले जसं सांगितलं तसं तिनं केलं. हे पाहा, दोनशे सतरा — आवळेपार. पारशिवनी तालुक्याची यादी तिथं संपते, शेवटचं नाव आमचं. त्याच्या खाली दुसरा तालुका सुरू होते, दोनशे अठरापासून, अन दोनशे अठरा म्हंजे तुमची नाक्यावरची शाळा. पुस्तिकेत आहे, हे पाहा, छापलेलं. आता पडद्यावर पाहा. दोनशे सोळा, दोनशे सतरा, दोनशे एकोनीस. दिसली दोनशे अठरा? नाई दिसनार. ते ओळ मी काढली. दोन जून, दुपारी सव्वातीन वाजता, दत्तोपंत डुलक्या घेऊन राहिले होते. एक बटन. मंग तुमचा नंबर मारला — दोन, एक, आठ — अन ही शोधायले गेली, जागा रिकामी, वरची ओळ धरली. माहं गाव छापलं तुमच्या ऑर्डरवर. मले माहीत होतं ही विचारनार नाई. अन मानसं तर त्याहून विचारत नाई.

काहून केलं? चार वर्षं मास्तर नव्हता आमच्याकडं. कागदावर होते, तीन झाले — एक आला अन नाला पाहून परत गेला, एकानं हजर झाल्याची सही केली, एक दिवस पोराइची हजेरी घेतली अन बदलीची चिठ्ठी आनली वरून, तिसरा तर मी पाहिलाच नाई, फक्त त्याची पोस्टाची पत्रं येत. साहेबाले मी दोन अर्ज दिले, गावकऱ्याइचा एक दिला. ‘प्रस्ताव विचाराधीन आहे.’ ते उत्तर मीच टाइप केलं, माह्याच अर्जाले. माय दरवेळी विचारे, भेटला का मास्तर? जसं बाजारात भेटते. मी म्हनो, पाहून राहिलो. ती म्हने, तू तर ऑफिसात आहे ना रे, मंग कोनाले पाहून राहिला?

पन मायचं मी सहन केलं असतं. माह्या भावाची पोरगी आहे, कौसल्या — आता तुमच्या दुसरीत आहे, समोर बसते, दात पडलेली, हो तेच. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो तर ते अंगनात शाळा शाळा खेळून राहिलती. बकऱ्या पोरं, अन ते मास्तरीन. हजेरी घेतली तिनं, नावं ठेवली होती सगळ्याइची. हजेरी झाली अन तिनं काडी ठेवली, पिशवी खांद्यावर घेतली अन चालली. मी म्हनलं, अवं, शिकव ना आता त्याइले. तर म्हनते, नाई काका, आता मास्तर जाते, बदली झाली त्याची. तिले वाटे शाळा एवढीच असते. हजेरी घ्या अन जा. त्याच्या पुढं काय असते ते तिनं पाहिलंच नव्हतं, बाई, तर खेळन कुठून? मी हसलो तेव्हा. भाऊ भी हसला. मंग परतीच्या बसमधी मले ते आठवलं अन माह्या डोळ्याइत पानी आलं, बाजूचा मानूस म्हने, खिडकी लावा, धूळ येऊन राहिली.

नाक्यावरच्या शाळेत सात जन होते, शंभर पोराइले सात. एक जन फक्त चहा आनायले ठेवल्यासारखा. तिथं आठवं कोनी गेलं नाई तर कोनाचं अडनार होतं? असं मी स्वतःले समजवलं. पन तुमाले नाई विचारलं. तुमी कोन, कशा, घरी काय आहे — ओळ काढली तेव्हा मले तुमचं नाव भी माहीत नव्हतं, खरं सांगतो, नुसता नंबर होता. दोनशे अठरा ज्याच्या नशिबात, तो. मी त्या दुकानदारासारखंच केलं. तीन छटाकाचे पैसे घेतले अन आदपाव तोलून दिलं. तुमाले तोलून दिलं. अन जेव्हा माय सांगे — बाईनं आज हे केलं, बाईनं ते केलं, बाई पोराइचे नखं भी कापते — तेव्हा मले आनंद होये अन हातातला घास मी ताटात ठेवो. मी वाट पाहत होतो तुमी येता कधी. मे महिना लागला की रोज काचेतून पाहतो.

तर आता आल्या तुमी. तुमचा हक्क आहे. मी काई हातपाय पडनार नाई, माय इथं असती तर पडली असती. दोन मिनिटाचं काम आहे. हे पाहा, तुमच्यासमोर करतो — ही रिकामी ओळ घेतली, इथं नंबर टाकतो, दोन... एक... आठ, अन उजवीकडं शाळेचं नाव टाकलं अन हे एन्टर दाबलं की तक्ता जसा होता तसा. मंग तुमचा अर्ज मारतो, परवा ऑर्डर निघन, जूनमधी तुमी लुनावर. साहेबाले सांगायचं असन तर सांगा, नाई सांगितलं तरी चालन. कौसल्याले मी सांगन. तिले सवय आहे, बदलीची. द्या तो कागद. द्या, द्या, नंबर पाहा लागन ना मले. बोट ठेवलं आहे मी एन्टरवर.

‘विषय —’ थांबा, चष्मा लावतो. ‘विषय: जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, मौजा आवळेपार’ — हो. ‘येथे दुसरा शिक्षक मिळणेबाबत.’

हे बदलीचं नाई.

‘...पटसंख्या अकरावरून त्रेपन्न झाली असून चार वर्ग एकाच खोलीत भरतात. मी एकटी चारही वर्गांना न्याय देऊ शकत नाही...’ म्हंजे तुमी... राहून राहिल्या? हे मागायले आल्या? मंग बाई, तुमी एवढा वेळ काहून आयकून राहिल्या, आधीच सांगायचं ना — हो. बरोबर आहे. मी बोलूच दिलं नाई. माही बायको भी हेच म्हनते.

काय म्हनता? माहं सगळं केव्हापासून माहीत होतं? पोळ्यापासून? कोनी सांगितलं — तिनंच का? मायची आन घातली होती मी. तिच्या तोंडात तीळ भिजत नाई, तिची आन तिलेच घातली तर कुठून टिकन. अन वर्षभर तुमी दोघी भाकर खात बसल्या, अन मी मागच्या रस्त्यानं... बरं. हसा. हसा तुमी.

खाली गावकऱ्याइच्या सह्या आहे का ह्या? आंगठे... आंगठा, आंगठा, धोंडबाचा आंगठा, तुळसाबाईचा... हे कोन आहे? हे अक्षर खाली खाली घसरून राहिलं, कागदाच्या भायेर चाललं. ‘बायजाबाई गोंडाणे.’ हे कोनी लिहिलं? कौसल्यानं लिहिलं असन. नाई? हात धरून? हात भी नाई धरला?

पासष्ट वर्षांची आहे हो ते. मी पगाराच्या मनिऑर्डरी केल्या तिले दहा वर्षं, दर महिन्याले पोस्टमन तिचा आंगठा घेऊन जाये. मले कधी नाई सुचलं.

एसी जास्त झाला वाटते. नाक वाहून राहिलं.

जा तुमी आता, बाई, बसा लागन नाई तर, चारची चुकन अन सहाची भरून येते. मायले म्हना, रविवारी येतो, शाळेकडून येतो. कागद राहू द्या इथं, हा विचाराधीन नाई ठेवत मी. हे एन्टर? नाई दाबलं. बोट काढलं पाहा. अन ते भायेर कोन उभं आहे काचेपाशी — गिरिधर मास्तर का, बदलीचा अर्ज घेऊन? उंचापुरा गडी, नाला उतरायले चांगला आहे. कोनता नंबर मागून राहिले, विचारलं का तुमी? काय म्हनता, दोनशे अठरा?

पाठवा त्याइले आत. म्हना, चप्पल काढून या. अन दार लावून घ्या जाता जाता, थंडी जाऊन राहिली.